कंदिला, भावजींना सांग

दहा तासांत माणूस काय शिकू शकतो, याबद्दल माझे आणि आमचे शेजारी गोपीनाथराव टिपणीस यांचे तीव्र मतभेद आहेत. गोपीनाथराव सरकारी नोकरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मते दहा तासांत माणूस फार तर एक अर्ज लिहायला शिकतो, तोही रजेचा असला तर. मी मात्र पंचावन्न साली मुंबईला जाऊन बरोबर दहा तासांत, रोज दोन याप्रमाणे पाच दिवसांत, मुकादमांना सुधारणा करायला शिकवायचं शास्त्र शिकलो आणि तसं सर्टिफिकेट घेऊन ठाण्याला परतलो. ते शास्त्र डोक्यातून खाली उतरायला पुढे सहा आठवडे लागले, ही गोष्ट गोपीनाथरावांना सांगण्याचं मला काही कारण दिसत नाही.

मी हरिहर कर्णिक. कोलशेतला खाडीच्या अंगाला आमचा कंदिलांचा कारखाना होता, त्यात मी सहायक व्यवस्थापक होतो. 'सहायक' हा शब्द मी पत्रात लिहीत असे, बोलताना तो आपोआप गळत असे. नौपाड्यातून सायकलवर जायचं, सायकलवर यायचं, आणि मधल्या वेळात कंदील तयार होताना पाहायचे. आमचा कंदील उत्तम होता. दोष एकच होता, आणि तो जोडणी खात्यात होता. या खात्यात बायका शहाबादी फरशीवर चार ओळींत बसून कंदिलाला काच बसवत. शंभर काचांमागे अकरा फुटत. वर्षानुवर्षं अकराच फुटत. त्या बाबतीत आमचा कारखाना अत्यंत नियमित होता.

एके दिवशी मालकांनी मला बोलावून सांगितलं, "कर्णिक, मुंबईचा एक डिप्लोमावाला मुलगा पाहिलाय मी. जोडणी त्याच्याकडे देऊ. दौलतला फाटकावर बसवा. पगार तोच ठेवू, वय झालंय त्याचं."

दौलत हा जोडणीचा मुकादम. साताऱ्याकडचा माणूस, कारखान्याच्या पायात पहिला दगड बसला तेव्हापासूनचा. त्याला लिहिता-वाचता येत नसे, पण कंदील नुसता कानाशी हलवून टाकी कुठे झिरपते ते तो सांगत असे. मी नवीन असताना आपण मोठे जाणकार आहोत असं दाखवायला एक काच उचलली होती. ती हातात फुटली. तेव्हा दौलतने स्वतःचा पटका फाडून माझा हात बांधला आणि काच कशी धरायची ते दाखवलं. दाखवताना तो हसला नाही. हे मी विसरलेलो नव्हतो. असा माणूस फाटकावर स्टूल टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींना सलाम ठोकणार, ही कल्पनाच मला सहन होईना. आणि काही सहन झालं नाही की माझ्या तोंडून नेहमी मोठं वाक्य निघतं.

"सहा आठवडे द्या, साहेब," मी म्हणालो. "दौलतच ही तूट अर्ध्यावर आणेल. माझ्याकडे शास्त्र आहे."

"बघू," मालक म्हणाले. "सहा आठवड्यांनी तुमच्या त्या मास्तरांनाच बोलावू. ते म्हणाले तर दौलत राहील, नाही तर फाटक."

हे मास्तर म्हणजे दस्तूरसाहेब. मुंबईचा वर्ग त्यांनीच घेतला होता. शेवटच्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला खिशात मावेल एवढं एक कार्ड दिलं आणि सांगितलं, "बघ डिकरा, तुमी साहेब लोकने सुधारना करायचा नाय. हुकूम सोडायचा नाय. जो हाताने काम करते, त्यालाच मालूम असते. मुकादम त्याला विचारेल. तुमी मुकादमला शिकवायचा, कसा विचारायचा. बस. रोज थोडा, रोज थोडा." कार्डावर चार ओळी होत्या. नीट पाहा. करणाऱ्याला विचारा. थोडं करून बघा. जमलं तर सगळ्यांना द्या. एवढ्यासाठी दहा तास कशाला, असं तेव्हा माझ्याही मनात येऊन गेलं होतं.

शास्त्राचा सराव मी घरापासून सुरू केला. रविवारी सकाळी घड्याळ हातात घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. आमची मंदाकिनी पोळ्या करत होती. मी नीट पाहिलं. मग कार्डात सांगितल्याप्रमाणे करणाऱ्याला विचारलं, "कणकेची परात तू रोज डावीकडे ठेवतेस. आज एवढी लांब का ठेवलीस?"

"जवळ तुम्ही उभे आहात म्हणून," ती म्हणाली.

मी बाजूला झालो. परात जवळ आली. पोळ्या लवकर झाल्या. शास्त्राने झालेली ही माझी पहिली सुधारणा, आणि ती मी वहीत तारखेसह नोंदवून ठेवली आहे.

संध्याकाळी गोपीनाथराव ओट्यावर आले. मी सकाळी हातात घड्याळ घेऊन दारात उभा होतो, त्यावरून माझी नोकरी गेली अशी आळीत बातमी होती. ती खरी नाही हे कळल्यावर त्यांची जरा निराशा झाली, पण सल्ला देण्याचा उत्साह त्यांनी कमी होऊ दिला नाही. "कर्णिक," ते म्हणाले, "विचारत बसलात तर पेन्शनीत निघाल. माणसांना विचारायचं नसतं. परिपत्रक काढायचं असतं. दोष शोधा, हुकूम लिहा, खाली सही ठोका. आमच्याकडे असंच चालायचं."

"आणि मग सुधारणा व्हायची?"

"ते बघायला आम्ही मागे कशाला थांबतोय?"

खरं म्हणजे मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण पहिल्या आठवड्यात दौलतला कार्ड समजावून सांगताना मी थकून गेलो होतो. तो प्रत्येक ओळीला "व्हय साहेब" म्हणायचा आणि खात्यात जाऊन जुनंच काम सुरू करायचा. तेव्हा दोष शोधण्यापुरतं गोपीनाथरावांचं ऐकावं असं मी ठरवलं, आणि पुढच्या सोमवारी अर्धा तास निरीक्षण करून तो शोधलासुद्धा. बायका काच बसवताना मनगट वळवत, आणि त्यांच्या हातातल्या बांगड्या काचेला लागत. काचेवर काच. लहान मुलालाही कळावं! मी दौलतला म्हटलं, "बायकांना सांग, कामाच्या वेळी बांगड्या काढून ठेवा."

दौलतने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आला असावा. "साहेब, ह्ये माझ्याच्यानं व्हायाचं न्हाई."

"मग मी सांगतो," असं म्हणून मी एक पालथी पेटी पुढे ओढली, तिच्यावर चढलो आणि सांगितलं.

माझ्या घरात आई होती, बायको आहे, सख्ख्या तीन बहिणी आहेत. नवरा असलेल्या बाईला बांगड्या काढ म्हणण्याचा अर्थ मला कळत नव्हता असं नाही. पण पेटीवर चढल्यावर माणसाचं काय होतं कोण जाणे, मला फक्त काच दिसत होती. खात्यात क्षणभर सगळे हात थांबले. मग पहिल्या ओळीतली शेवंती उठली. ही कोलशेत गावातलीच आगऱ्याची सून, आणि तिचा आवाज पार खाडीपल्याड जाणारा.

"काय हो साएब, आमचं घरधनी जितं हाय ना! बांगऱ्या कशाला काराव्या? आधी तुमचे घरात जाऊन सांगा, मंग आमाला सांगा!"

चाळीस बायका कामावरून उठल्या आणि आवारातल्या वडाखाली जाऊन बसल्या. मी पेटीवरच होतो. खाली उतरण्याची योग्य वेळ कोणती हे कार्डात दिलेलं नव्हतं. शेवटी दौलतने मध्ये पडून माझ्या वतीने माफी मागितली. जेवणाच्या सुट्टीनंतर बायका आत आल्या, तेव्हा प्रत्येकीच्या हातात दोन-दोन बांगड्या जास्तच होत्या असं मला वाटलं.

हे प्रकरण खात्यातच संपलं असतं. पण शेवंतीची सासू नौपाड्यात दारोदार मासे विकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आमच्या दाराशी पाटी उतरवली, मंदाकिनीला ताजी कोलंबी दाखवली, आणि मग ती झाकून टाकली. "तुमाला नाय देयाची, बाय," ती म्हणाली. "तुमचं साएब बायकांच्या बांगऱ्या कारतात." तिने हे आळीत येणाऱ्या कोळणींनाही सांगितलं. आमच्या घरी पुढे तीन आठवडे मासळी आली नाही. कायस्थाच्या घरात तीन आठवडे पडवळ आणि दुधी! गोपीनाथरावांच्या खिडकीतून बोंबलाचा वास यायचा, आणि ज्यांच्या सल्ल्याने हे झालं ते गृहस्थ ढेकर देत ओट्यावर येऊन म्हणायचे, "कर्णिक, परिपत्रक लेखी काढायला हवं होतं. तोंडी हुकूम अंगाशी येतो."

मंदाकिनीने माझ्याशी बोलणं टाकलं. आमच्या घरी बोलणं टाकण्याची एक रीत आहे. बोलायचं सगळं, फक्त माझ्याशी नाही. सकाळी ती स्टोव्हकडे बघून म्हणायची, "बाबा रे, त्यांना सांग, चहा निवतोय." मग मीही स्टोव्हला म्हणायचो, "साखर कमी आहे म्हणावं." ती स्टोव्हला सांगायची, "ज्यांची अक्कल कमी आहे त्यांनी साखर मोजू नये." गंमत म्हणजे या रीतीने घरातले सगळे व्यवहार नेहमीपेक्षा सुरळीत चालायचे. पण तेव्हा मी दुःखात होतो, त्यामुळे तिकडे शास्त्रीय दृष्टीने पाहिलं नाही.

सहापैकी दोन आठवडे गेले. फाटकाची गोष्ट एव्हाना खात्यात सगळ्यांना कळली होती. एका दुपारी दौलत फाटकाशी उभा राहून तिथल्या पहारेकऱ्याच्या स्टुलाकडे बघत होता, ते मी पाहिलं. मला माझीच लाज वाटली. मी कार्ड काढलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. नीट पाहा.

आजवर आम्ही फुटक्या काचा मोजायचो त्या साऱ्या खात्याच्या मिळून. आता ओळीवार मोजायच्या असं मी ठरवलं, आणि त्यासाठी एक फळा मागवला. स्टोअरकीपर मधु वैद्य नियमाचा पक्का. "फळा आपल्या यादीत नाही. फळा हे शाळेचं सामान आहे," तो म्हणाला. मी पत्रा मागितला. पत्रा यादीत होता, पण तो कंदील करण्यासाठी, तेव्हा होणाऱ्या कंदिलाचा नमुना क्रमांक हवा. मी एक क्रमांक ठोकून दिला. पत्रा रंगखात्यात गेला, आणि त्या क्रमांकाचे कंदील हिरवे असतात म्हणून चार दिवसांनी गर्द हिरवा होऊन, वर कडी लावून परत आला. त्यावर खडू उमटेना. शेवटी दौलतनेच कोळशाचा एक तुकडा घेतला आणि भिंतीवर चार रकाने ओढले. काच फुटली की त्या ओळीच्या रकान्यात एक रेघ. हा फळा यादीत नसल्यामुळे कुणाच्याच परवानगीवाचून चालू झाला.

शनिवारी संध्याकाळी मी भिंतीपुढे उभा राहिलो. पहिला रकाना काळा, दुसरा काळा, चौथाही काळा. तिसऱ्यात फक्त तीन रेघा.

तिसऱ्या ओळीत पहिली बसायची रखमाबाई. तिचा नवरा महिपत हा दौलतचा धाकटा भाऊ, पत्रे कापायच्या खात्यात होता. म्हणजे रखमाबाई दौलतची भावजय. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या महिन्यात माझ्या डोक्यात पडलेला प्रत्येक प्रकाश चुकीचाच होता, हे लक्षात घेऊन तरी मी थांबायला हवं होतं.

"दौलत," मी म्हणालो, "घरच्या माणसांच्या रेघा खाल्ल्यास होय?"

तो माणूस असा ताठ झाला की मला मागे सरावंसं वाटलं. "साहेब, बारा वर्सं झाली तिच्या लग्नाला, आनि हितं कामाला बी. मी त्या वळीकडं नजर टाकीत न्हाई. पाठ करून जातो. धाकटी भावजय हाय माझी. रेघा शेवंती वडती. तिला इचारा."

शेवंतीने माझी आधी यथेच्छ कानउघाडणी केली आणि मग सांगितलं की रेघा बरोबर आहेत. म्हणजे गोष्ट अशी होती, की आमच्या खात्यात एक ओळ बारा वर्षं काचा फोडतच नव्हती, आणि मुकादम सभ्य माणूस असल्यामुळे ते त्याने पाहिलेलं नव्हतं. तो तिथे पाठ करून जायचा. आणि मी? मला तर पाठ करायचंही कारण नव्हतं. मी त्या ओळीकडे पाहिलंच नव्हतं.

"तिला विचार, ती काय करते," मी म्हटलं.

"ती माझ्याशी बोलत न्हाई, साहेब. मी तिच्याशी बोलत न्हाई. घरात बी न्हाई. आमच्यात थोरल्या दिराशी बोलत न्हाईत."

"मग महिपतला विचारायला सांग."

"महिपत इसराळू. पत्रा कापायच्या जागी बोट कापून घेतंय."

मी स्वतः विचारावं असं एकदा मनात आलं. पण दस्तूरसाहेब येऊन नेमकं हेच बघणार होते, की मुकादमाला विचारता येतं की नाही. मी विचारून काय उपयोग? मी पंडित झालो असतो, आणि दौलत फाटकावर गेला असता. रविवारचा सबंध दिवस मी दुधीची भाजी चिवडत बसलो. मंदाकिनी स्टोव्हला म्हणाली, "विचार त्यांना, पानात आणखी काय वाढू? की नुसतं बघूनच पोट भरणार आहे?"

मी स्टोव्हला काही उत्तर देणार, एवढ्यात उठलो तो उष्ट्या हातानेच सायकलपर्यंत गेलो. रविवार असल्याचं तिथे लक्षात आलं. परत येऊन हात धुतले.

सोमवारी सकाळी मी तिसऱ्या ओळीसमोरच्या खांबाला एक पेटवलेला कंदील टांगला. दौलतला सांगितलं, "तू भावजयीशी बोलायचं नाहीस. कंदिलाशी बोलायचं. तीही कंदिलाशीच बोलेल." दौलतने आधी कंदिलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्याने पटका सारखा केला, ओळीकडे पाठ केली, घसा खाकरला आणि कंदिलाला म्हणाला, "कंदिला, तिसऱ्या वळीला इचार, काचा फुटत न्हाईत त्या कशानं?"

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. रखमाबाई मात्र हसली नाही. तिने पदर कपाळावर ओढला, कंदिलाकडे बघितलं, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "कंदिला, थोरल्या भावजींना सांग, फरशीवर काच उभी ठेवली की कडेचा टवका उडतो. आडवी ठेवली की घरंगळती. म्हनून आमी चुंबळीवर ठेवतो."

आणि तिने मांडीवरच्या पदराखालून चुंबळ काढली. बायका डोक्यावर हंडा घेताना ठेवतात ना, जुन्या लुगड्याच्या चिंधीची वाटोळी गुंडाळी, तीच. तिसऱ्या ओळीत प्रत्येकीच्या पदराखाली एकेक चुंबळ निघाली. काच बसवायच्या आधी त्या घड्यासारखी चुंबळीवर ठेवायच्या. टवका नाही, घरंगळणं नाही. टवकेच नसल्यामुळे पुढे कंदिलाचा खटका दाबून काच बसवताना तडा जाणंही नाही. बारा वर्षं!

"कंदिला," दौलत म्हणाला, "मंग लपवून का ठेवल्या?"

"कंदिला, भावजींना सांग, भितीवरची पाटी बघा."

आम्ही सगळ्यांनी भिंतीवरची पाटी पाहिली. 'कामाच्या जागी चिंध्या बाळगण्यास सक्त मनाई आहे. आढळल्यास दंड होईल.' खाली सही होती. सही ठसठशीत, वळणदार, लपेट्याची. माझी होती. चार वर्षांपूर्वी रंगखात्यात तेलकट चिंध्यांनी पेट घेतला होता, तेव्हा मी त्या पाट्या सगळ्याच खात्यांत लावल्या होत्या. जोडणीत तेलाचा थेंबही नसतो, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं. त्याआधीही त्या चुंबळी कुणी बघायला गेलं नव्हतं, आणि पाटी लागल्यावर त्या पदराखाली गेल्या.

मी पेटी ओढली. या खेपेला तिच्यावर चढलो तो काही सांगायला नव्हे. पाटी काढली आणि खाली उतरलो. कुणी हसलं नाही, आणि त्याबद्दल मी त्या बायकांचा आजही ऋणी आहे. जुन्या लुगड्यांच्या चिंध्या मधु वैद्यच्या यादीत नव्हत्याच, त्यामुळे बायकांनी त्या घरून आणल्या. रखमाबाईने बाकीच्या तीन ओळींना चुंबळ वळायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी आमच्या दारात कोलंबी आली.

सहाव्या आठवड्यात दस्तूरसाहेब आले. बरोबर मालक. भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा विरळ झाल्या होत्या. शंभरात अकराच्या जागी आता चार फुटत होत्या. मी शेवंतीकडून सगळी उत्तरं पाठ करून घेतली होती आणि पाहुण्यांना पहिल्या ओळीशीच थांबवायचं असा बेत केला होता. दस्तूरसाहेबांनी रेघा पाहिल्या, चुंबळ हातात घेऊन दाबून पाहिली, आणि खिशातून कार्ड काढून दौलतपुढे धरलं.

"मुकादम, ये वाच जरा."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. दौलतने कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, उलटंच धरलं, आणि परत दिलं. "मला वाचाया येत न्हाई, साहेब. पर काय हाय ते ठावं हाय. ज्याच्या हाताला कळतं त्याला इचार, आसं हाय. मी बारा वर्सं इचारलं न्हाई, ही माझी चूक."

"बरोबर हाय," दस्तूरसाहेब म्हणाले. "पन मला कसा कळनार, तू विचारते का कर्णिक विचारते? माझ्या समोर विचार. ती तिसरी लाईनला विचार. आनि नवीन काय हाय ते विचार, जुना नाय."

नवीन! पाठ केलेलं सगळं पहिल्या ओळीत बसलेलं होतं. दौलतने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो खांबाशी गेला, ओळीकडे पाठ केली, आणि मालकांच्या देखत कंदिलाला म्हणाला, "कंदिला, इचार, आनि काय करता यील?"

मालकांच्या ओठांवर हसू आलं. "हा कुणाशी बोलतोय?" असं त्यांनी मला हळूच विचारलं. मी सांगितलं. दस्तूरसाहेबांनी ते ऐकलं आणि हाताने मालकांना गप्प राहायची खूण केली.

रखमाबाई पदर सावरून कंदिलाला म्हणाली, "कंदिला, भावजींना सांग, काचांच्या पेट्या खाडीकडच्या दाराशी ठेवू नका. सकाळी पेटीतलं गवत वलं आसतं, काचेला चिकटतं. पुसताना फुटत्यात. त्या पेट्या हिकडं रंगाच्या भट्टीकडच्या ऊन भितीला लावा."

दौलतने लगेच दोन माणसांना हाक मारली आणि पहिली पेटी आमच्या डोळ्यांदेखत हलवली. मला वाटलं, झालं. पण रखमाबाई खाली बसली नाही. तिचा आवाज बारीक झाला होता, पण खात्यात सगळ्यांना ऐकू येत होतं.

"कंदिला, मालकांना बी सांग. बारा वर्सं ही चुंबळ आमी वापरतो, चार वर्सं पदराखाली झाकली. इचारनारं कुनी न्हवतं. आता इचारनारा भेटलाय, तर त्याला फाटकावर बसवू नका."

दौलत ओळीकडे पाठ करूनच उभा होता, पण तोंड आमच्याकडे होतं, आणि ते लपवायला त्याला जागा नव्हती. त्याने पटक्याच्या टोकाने डोळे पुसले. आमचे मालक हे मोठे करारी गृहस्थ, त्यांना मी कधी गोंधळलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी एकदा दस्तूरसाहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग दोन पावलं पुढे झाले आणि कंदिलाकडे बघून म्हणाले, "सांग त्यांना. मुकादम इथून हलणार नाही."

जाताना दस्तूरसाहेबांनी माझा हात धरला. मला वाटलं, आता शाबासकी. ते म्हणाले, "कर्णिक, तुझा मुकादम फर्स्ट क्लास हाय. तू त्याच्याकडून थोडा शिकून घे." मी आजवर पुष्कळ शाबासक्या घेतल्या आहेत, पण त्या दिवसाइतक्या ताठ मानेने मी कधी घरी गेलो नाही. कोलशेतपासून नौपाड्यापर्यंत मी सायकल चालवत होतो की छातीच पुढे नेत होतो, ते मला सांगता येणार नाही.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा झाली. पकडी, हातोड्या, कात्र्या मांडल्या होत्या. त्यांच्या रांगेत जोडणी खात्याने एक चुंबळ मांडली होती, हळदकुंकू वाहून, झेंडूचं फूल ठेवून. दौलतने ती मांडली, पाया पडला, आणि तिसऱ्या ओळीकडे पाठ करून कंदिलाला म्हणाला, "सांग, परसाद घ्या म्हनावं."

पूजेनंतर शेवंतीने मला एक नवी चुंबळ आणून दिली. "रखमाबायनं वळलीया," ती म्हणाली. "साएबांच्या घरी देयाला सांगितलं."

ती मी घरी आणली. मुंबईचं सर्टिफिकेट मी चौकटीत घालून भिंतीवर लावलं होतं, त्याच्याखालच्या टेबलावर चुंबळ ठेवली आणि तिच्यावर आमच्या कारखान्याचा एक कंदील बसवला. गोपीनाथराव बघायला आले. सर्टिफिकेट त्यांनी दोनदा वाचलं, सही कुणाची ते विचारलं, आणि चुंबळीकडे बघून म्हणाले, "हे काय? हंडा कुठाय?" मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. पाटीचा भाग मी गाळणार होतो, पण गाळला नाही.

मंदाकिनी दारात उभी राहून ऐकत होती. कोलंबी आल्या दिवसापासून ती माझ्याशी सरळ बोलायला लागली होती, रुसवा कधीच संपला होता. तरी गोपीनाथराव गेल्यावर ती टेबलाशी आली, चुंबळ जरा सारखी केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कंदिला, त्यांना सांग, आज मला फार अभिमान वाटला म्हणावं."

मला ऐकू आलं होतं. तरी मी कंदिलाला पुन्हा एकदा विचारायला सांगितलं.